तव्यावरची कोंबडी, लोण्याचा रस : प्रस्तावना

कोंबडी शिजायला किती वेळ लागतो, असं पन्नास वर्षांपूर्वी परभणीकडच्या एखाद्या आजीला विचारलं असतं, तर उत्तराआधी तिचेच चार प्रश्न आले असते. तलंग आहे की कोंबडा? केवढ्याचा? चुलीत लाकूड कसलं? आणि जेवायला माणसं किती? अंगणात, उकिरड्यावर, कडब्याच्या गंजीखाली वर्षभर चरलेला कोंबडा तासा-दीड तासाच्या आत हाताला लागत नसे. तेवढ्या वेळात हाडांचा अर्क पाण्यात उतरे, येसुराचा मसाला मुरे, तर्री वर येई आणि एका कोंबड्यात दहा माणसांचं जेवण निघे. आज जिंतूर, सेलू, मानवत, पूर्णा, कुठल्याही तालुक्याच्या गावी संध्याकाळी साडेसहाला चिकन सेंटरवरून अर्धा किलो मांस आणलं, तर सव्वासातला ताटं वाढता येतात.

हे पुस्तक त्या पाऊण तासाचं आहे. एकच पसरट तवा, मोठ्या आचेवर भाजलेले कोंबडीचे तुकडे, आणि शेवटी त्याच तव्यात लोण्याने दाटवलेला थोडासा रस, एवढाच त्याचा विषय. विषय लहान वाटतो. पण मराठीत कोंबडीवर लिहिताना आपण नेहमी रश्श्यावर लिहितो. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा, मालवणचे कोंबडी-वडे, नागपूरचं सावजी, आणि आपल्याकडचा येसूर घातलेला काळा रस्सा यांचं कौतुक भरपूर झालं आहे. रोजच्या धावपळीत, एका शेगडीवर, दोन माणसांसाठी केलेल्या कोंबडीकडे मात्र ‘आपलं काहीतरी केलं’ अशा नजरेने पाहिलं जातं. ती नजर बदलावी, असं हे पुस्तक मनापासून सांगतं. रश्श्यात वेळ बऱ्याच चुका पोटात घालतो. तव्यावर ती सोय नाही, तिथे करणाऱ्याचं लक्ष लागतं.

आधी कोंबडीकडेच पाहायला हवं, कारण ती बदलली नसती तर हे जेवण झालंच नसतं. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढच्या काही दशकांत अंडी आणि मांस यांचे पक्षी वेगवेगळे झाले आणि सगळे ज्याला ‘बॉयलर’ म्हणतात तो ब्रॉयलर पक्षी शहरांतून तालुक्यांत आणि तालुक्यांतून बाजाराच्या गावांत पोचला. साधारण सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरणारा हा पक्षी फारसा चाललेला नसतो. त्याच्या स्नायूंना काम पडलेलं नसतं, आणि हाडा-मांसाला जोडणारे चिवट धागे घट्ट व्हायला त्याला वयच मिळालेलं नसतं. म्हणून तो वीस मिनिटांत शिजतो. म्हणूनच तो दीड तास रटरटवला की त्याचा चोथा होतो आणि रश्श्यातही फारसं काही उतरत नाही. बॉयलरला चव नाही ही तक्रार गावोगाव ऐकू येते. तिच्यात तथ्य आहेच, पण निम्मा दोष कृतीचा आहे. गावरान कोंबड्याची रीत या कोवळ्या पक्ष्याला लावली, तर दुसरं काय व्हायचं?

या पक्ष्याची दुसरी बाजूही परभणीने जवळून पाहिली आहे. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या पाठोपाठ दगावल्या, तपासणीत बर्ड फ्लू निघाला, आणि आजूबाजूच्या परिसरातले पक्षी नष्ट करावे लागले. जिल्ह्यात कितीतरी घरांनी तेव्हा कोंबडी खाणं थांबवलं आणि ज्यांचं पोट कोंबड्यांवर होतं ते एका आठवड्यात हवालदिल झाले. त्या काळात जाणकार एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते : मांसाच्या प्रत्येक भागापर्यंत सत्तर अंश सेल्सिअस उष्णता पोचली की विषाणू टिकत नाही. झटपट स्वयंपाकात हा आकडा विसरून चालत नाही. या पुस्तकात पाककृती कितीही घाईची असली, तरी तुकड्याच्या मधोमध चौऱ्याहत्तर अंश हीच खूण धरली आहे. ज्यांच्याकडे तापमापक नाही त्यांनी सगळ्यांत जाड तुकडा चिरून पाहावा. आतला रस नितळ हवा, हाडाजवळ गुलाबी नको.

तव्याची गोष्ट मराठवाड्याच्या घरचीच आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९६८ साली भोगले कुटुंबाने ‘निर्लेप’ सुरू केलं आणि न चिकटणारा तवा भारतीय स्वयंपाकघरात आणला. पुढे घरोघरी कंपनीचं नाव हेच तव्याचं नाव झालं. २०१८ मध्ये तो उद्योग बजाज इलेक्ट्रिकल्सकडे गेला. तेल कमी, घासायला सोपा, असा त्याचा लौकिक, आणि धिरडी-आम्लेटाला तो चांगलाच. पण कोंबडीला खमंग रंग आणायचा तर काहीतरी थोडं चिकटायलाच हवं, आणि कोरडा, फार तापवलेला लेप टिकत नाही. म्हणून पुस्तकाची पसंती बिडाच्या तव्याला आहे. बीड जड, तापायला सावकाश, पण एकदा तापलं की थंड मांस पडल्यावरही दम सोडत नाही. ज्या घरात आजीच्या वेळचा बिडाचा तवा किंवा पसरट कढई माळ्यावर पडली आहे, त्यांनी ती उतरवून घासूनपुसून, तेल लावून तापवून घ्यावी. बाजारात नवं काही शोधण्याआधी हे करावं.

एकाच तव्याचं आणखी एक महत्त्व आहे, ते या जिल्ह्यात राहणाऱ्यालाच कळेल. संत जनाबाईंचं गंगाखेड इथलं. माळकरी माणूस नाही असं गाव नाही, आणि ज्या घरात सासरे किंवा आजी माळकरी, त्या घरात सामिष स्वयंपाक मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत होतो. परातीपासून पळीपर्यंत दुहेरी संसार मांडण्यापेक्षा एक तवा, एक उलथणं आणि एक झाकण वेगळं ठेवणं कितीतरी सोपं. घरातल्या बाईने ही सोय कधीच ओळखली आहे, पाककृतींच्या पुस्तकांत मात्र ती क्वचितच आली.

आणि लोणी. इथे थोडं थांबायला हवं, कारण लोणी सगळ्यांच्या घरात कधीच नव्हतं. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकाने मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांची खाद्यसंस्कृती पहिल्यांदा सविस्तर मांडली. तेल, तूप, दूध यांचा सुकाळ त्या स्वयंपाकघरांना ठाऊक नव्हता, हे ते पुस्तक स्पष्ट दाखवतं. दुसरीकडे ज्यांच्या दावणीला मराठवाडी म्हैस किंवा लाल कंधारी गाय होती, त्यांच्याकडेही रवीने काढलेलं लोणी बहुतेक कढवून तूप करण्यासाठीच असे. लोण्याचा गोळा भाकरीवर येई तो लेकरांच्या, नाहीतर पाहुण्यांच्या ताटात. मांसात लोणी घालणं इथल्या बहुतेक घरांना सुचलंही नसतं. १९७० साली सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’नंतर दूध डेअरीकडे वळलं आणि पुढे पिवळ्या लोण्याची वडी किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये आली. शंभर ग्रॅमची वडी कोणीही, कोणत्याही आळीत, जात न सांगता विकत घेऊ शकतो. या पुस्तकाला ती वडी म्हणूनच मोलाची वाटते.

या जेवणामागची परंपरा शोधायला निघालं, तर वाटा चारी दिशांना जातात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूरच्या सीमेपलीकडे. त्यातल्या ‘अन्नभोग’ प्रकरणात मांस भाजण्याच्या, तळण्याच्या, मसाला लावण्याच्या कृती आहेत. म्हणजे मांस कोरड्या आचेवर खमंग करणं या भूभागाला नवं नाही. पुढे दोनशेहून अधिक वर्षं, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तूप, दही, हिरवी मिरची, पुदिना यांत मांस परतून कोरडं करण्याची दख्खनी रीत परभणीच्या मुसलमान घरांत आजही रोजची आहे. हैदराबादेकडे ज्याला ‘तला हुआ गोश्त’ म्हणतात, त्या प्रकारात आणि या पुस्तकातल्या तव्यावरच्या कोंबडीत अंतर फार थोडं आहे. दरवर्षी फेब्रुवारीत शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला परभणीत येणारा माणूस, कुठल्याही धर्माचा असो, तो वास ओळखतो.

उत्तरेकडून आलेली वाट सगळ्यांच्या परिचयाची. फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीला आलेल्या मंडळींनी १९४७ साली दर्यागंजमध्ये ‘मोती महल’ काढलं. तंदूरमध्ये भाजलेल्या कोंबडीला टोमॅटो, लोणी आणि सायीच्या रसात घोळवून जो पदार्थ झाला, तो बटर चिकन. ती कल्पना कुंदनलाल गुजराल यांची की कुंदनलाल जग्गी यांची, हा वाद २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेला. परभणी-नांदेड रस्त्यावरच्या धाब्यांवर जे बटर चिकन मिळतं ते याच घराण्यातलं, फक्त त्यात गोडवा आणि रंग वाढत गेला. हे पुस्तक त्याच्याकडून एक मूळ गोष्ट उचलतं : आधी कोरडी भाजणी, मग लोण्याचा रस. तंदूर नसला तरी चालतो.

फ्रेंच पद्धत हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने धरते. ऑग्युस्त एस्कॉफिये यांच्या १९०३च्या पाकग्रंथात उथळ भांड्यात परतलेल्या कोंबडीचे प्रकार एकापाठोपाठ एक येतात. मांस काढून घ्यायचं, भांड्याला धरलेली खरवड वाइन किंवा अर्काने सोडवायची, आटवायची, आणि गार लोणी फिरवून रस दाटवायचा. लुआर नदीकाठी नांतच्या परिसरात व्हिनेगर आणि बारीक कांद्यावर लोणी फेटून जो पांढरा सॉस करतात, त्यातही तेच तत्त्व. अमेरिकेत बिडाच्या तव्यावर आठवड्यातल्या कुठल्याही रात्री होणारं कोंबडीचं जेवण या फ्रेंच रीतीचंच साधं रूप आहे. गोव्याचं काफ्रियाल आफ्रिकेतून पोर्तुगिजांबरोबर आलं, तेही हिरवं वाटण लावून तव्यावर परतलेलं. आणि मुंबईचं चायनीज : नेल्सन वाँग यांनी सत्तरच्या दशकात क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं, आणि वीस वर्षांत बसस्टँडसमोरच्या गाड्यांनी तालुक्याच्या गावांना ‘बोनलेस’ हा शब्द आणि मोठी आच शिकवली. हा उपकार आपण सहसा मान्य करत नाही.

मराठी पाकपुस्तकांची परंपराही जुनी, १८७५च्या ‘सूपशास्त्रा’पासूनची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र’ने सामिष कृती मोकळेपणाने दिल्या. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र छापील पानं फार थोडी आली.

एवढ्या वाटा एका तव्यात येतात तेव्हा नेमकं काय घडतं, ते एकदा जवळून पाहिलं पाहिजे. अर्धा किलो मांडीचं बिनहाडाचं मांस आहे असं धरू. आपल्याकडे मांस धुऊन, हळद-मीठ चोळून तसंच ओलं भांड्यात जातं. रश्श्याला ते चालतं. तव्यावर तेच सगळं बिघडवतं. पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही, आणि मांसाला तांबूस रंग व खमंग वास देणारी जी प्रक्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली मांडली, ती जोरात व्हायला साधारण एकशे चाळीस अंश लागतात. वर पाणी आहे तोवर तवा ते उडवण्यातच गुंततो, मांस आतून शिजून जातं आणि वरून पांढरंफटक राहतं. म्हणून तुकडे सुती फडक्याने कोरडे टिपायचे, मीठ आणि काळं तिखट लावायचं, तवा चांगला तापवून दोन चमचे करडईचं तेल सोडायचं आणि तुकडे सुटे सुटे ठेवायचे. मग हात आखडायचा. पहिली चार मिनिटं तुकडा तव्याला धरून बसतो, कारण रंग अजून आलेला नसतो. रंग आला की तो आपणहून सुटतो. उलथण्याने ओरबाडण्याची घाई केली तर खमंग भाग तव्याला राहतो आणि मांस फाटतं.

आपल्या दुकानांत कोंबडी कातडी काढूनच देतात. फ्रेंच किंवा अमेरिकी कृतीत कातडीची चरबी वितळून मांसाला जपते, इथे ते काम तेलाने करावं लागतं. भाजायला लोणी घेऊन भागत नाही. त्यातला दुधाचा अंश लवकर करपतो. तूप कढवताना बेरी तांबूस होऊन पाहता पाहता काळी पडते, तेच इथे होतं. भाजणी तेलात, लोणी शेवटी, हा क्रम या पुस्तकात कुठेही मोडलेला नाही.

तुकडे शिजले की काढून झाकून ठेवायचे. तव्याच्या बुडाला तपकिरी खरवड दिसेल, सगळी चव तिच्यात आहे. बारीक कांदा आणि ठेचलेला लसूण तिच्यावर परतायचा, अर्धी वाटी पाणी ओतायचं, उलथण्याने खरवड सोडवायची, रस निम्मा आटवायचा, लिंबू पिळायचं आणि आच बंद करायची. आता फ्रीजमधल्या गार लोण्याचे दोन-तीन तुकडे, एकूण तीसेक ग्रॅम, एकेक करून टाकायचे आणि तवा गोल फिरवत राहायचा. लोणी वितळून तूप झालं की खेळ संपला. ते रसात मिसळून रस दाट, चकचकीत झाला पाहिजे. इथे मराठवाड्याच्या हाताला थोडं उलटं शिकावं लागतं. आपल्या रश्श्यात तर्री वर आली की करणारीचं नाव होतं, कारण मसाला नीट शिजल्याची ती खूण असते. या रसात स्निग्धांश वर तरंगला, तर रस फाटला असं समजावं. उकळी आली की तो फाटतो. फाटला तर आच बंद करून चमचाभर गार पाणी घालून जोराने ढवळावं, बहुतेक वेळा सावरतो. वडीच्या लोण्यात मीठ असतं, म्हणून आधी हात राखून मीठ घालावं. घरचं ताज्या ताकावरचं लोणी आंबूस असतं आणि त्यात पाणीही जास्त; ते वापरलं तर लिंबू निम्मंच पुरतं.

हे आत्ताच का लिहावं, याची उत्तरं जिल्ह्यात रस्त्यावर दिसतात. कापूस वेचून दिवेलागणीला घरी आलेल्या बाईला दीड तासाची चूल पेटवणं म्हणजे दुसरी पाळी. २०१६च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर आला, पण तो भरायचा तर पैसे लागतात, आणि वीस मिनिटांच्या जेवणाला गॅस किती कमी लागतो हे तिला कोणी सांगायला नको. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ आलं, तेव्हापासून शिकायला आलेल्या पोरांच्या भाड्याच्या खोल्या वाढतच गेल्या. एक शेगडी आणि एक तवा एवढ्यावर ती पोरं जगतात. मुलग्यांनी स्वयंपाकाला लागायचं तर सुरुवात याहून चांगली सापडणार नाही. आणि पोषण : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला सेहेचाळीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. शंभर ग्रॅम बिनहाडाच्या कोंबडीत वीसेक ग्रॅम असतात. लोह कलेजीत जास्त, म्हणून कलेजीला या पुस्तकात मानाची जागा आहे. ताटात मात्र आधी पुरुष आणि मग उरलंसुरलं बाईला, ही रीत कुठल्याही पाककृतीने सुटणार नाही. रश्श्यात कोणाला किती आलं ते झाकून जातं. तव्यावर तुकडे मोजता येतात. ते मोजून, सारखे वाढावेत.

सोबत भाकरी ज्वारीचीच धरली आहे. विद्यापीठाने ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी आणली आहे, ती मिळाली तर उत्तम. भाकरी पातळ रश्श्यात कुस्करून खाण्याची आपली सवय आहे, आणि लोण्याचा दाट रस भाकरीत शिरत नाही. म्हणून इथले रस फ्रेंच मापापेक्षा मुद्दाम सैल ठेवले आहेत. आंबटपणा वाइनचा नाही. लिंबू, चिंच, कैरी, आंबट ताक आणि टोमॅटो यांचा आहे. काळं तिखट, ओली हळद, कोवळी मेथी, हिरव्या मिरचीचा ठेचा या चवींभोवती कृती रचल्या आहेत. साय आणि काजूच्या वाटणाला जागा दिलेली नाही, कारण ती चव दिल्लीने आधीच पूर्णत्वाला नेली आहे.

गावरान कोंबडी, कंदुरीचं मटण आणि येसुराचा रस्सा या पुस्तकात सापडणार नाहीत. त्यांना वेळ लागतो, आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. त्यांच्यासाठी वेगळं पुस्तक हवं. इथली मापं अर्धा किलो मांस, दहा इंची तवा आणि जेवायला चौघं असं धरून, वाटी-चमच्यात दिली आहेत. आठ माणसं असतील तर तव्यात दाटी न करता मांस दोन खेपांत भाजावं, पहिली खेप झाकून ठेवावी आणि रस सगळ्यांचा एकदाच करावा. दुसऱ्या खेपेच्या वेळी तव्यातली खरवड काळी पडायला लागली, तर तिच्यावर थोडं पाणी टाकून ती सोडवून वाटीत काढावी, तवा पुसून घ्यावा, आणि वाटीतलं ते पाणी शेवटी रसात घालावं.